पेशीवंशाची पाठचिकित्सा

मराठी समीक्षेत गेली काही दशके 'देह' या संकल्पनेची बरीच चर्चा झाली आहे. स्त्रीवादी समीक्षेने देहावर उमटलेल्या सत्तेच्या खुणा वाचायला शिकवले. दलित आत्मकथनांच्या अभ्यासाने राबणारा आणि उपाशी देह चर्चेच्या मध्यभागी आणला. परंतु माणूस गेल्यानंतरही वाढत राहणाऱ्या, जगभरच्या शीतपेट्यांत साठवल्या जाणाऱ्या आणि किंमत लावून विकल्या जाणाऱ्या देहांशाविषयी आपण फारसे काही बोललेलो नाही. हा विषय जीवशास्त्राचा आहे असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हा विषय जितका जीवशास्त्राचा तितकाच संहितेचा, कर्तृत्वाचा आणि नावाचा आहे. त्याची एक वाट पूर्वीच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांतून जाते, म्हणून मराठीच्या अभ्यासकाने तर त्याकडे लक्ष द्यायलाच हवे.

प्रथम शब्दाविषयी. 'सेल लाइन' या संज्ञेचे भाषांतर 'पेशीरेषा' असे करता येईल, पण इथे 'लाइन' म्हणजे ओढलेली रेघ नव्हे. एका पूर्वजापासून चालत आलेली ओळ, घराणे. म्हणून या लेखात 'पेशीवंश' हा शब्द वापरला आहे. हा शब्द एक प्रश्नही सोबत घेऊन येतो. वंश म्हटला की मूळपुरुष आला, मूळस्त्री आली. ती कोण, हे विचारल्यावाचून वंशाची गोष्ट पुरी होत नाही.

पेशीवंश तयार कसा होतो? मूत्राशयाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा थंड पोषक द्रवातून प्रयोगशाळेत येतो. तो बारीक चिरतात, पेशींना एकमेकींशी बांधणारे दुवे विकरांनी सैल करतात, आणि सुट्या झालेल्या पेशी वासराच्या गर्भाचा रक्तद्रव मिसळलेल्या माध्यमात, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखणाऱ्या कपाटात ठेवतात. बहुतेक वेळा प्रयत्न फसतो. कर्करोगाच्या पेशी काही दिवस तग धरून थांबतात आणि गाठीसोबत आलेल्या साध्या संयोजी पेशीच, पिकात तण माजावे तशा, सारी बशी व्यापतात. क्वचित एखाद्या वेळी हव्या त्या पेशी वाढू लागतात. बशी भरली की त्यांतल्या काही नव्या बशीत लावायच्या, ती भरली की पुन्हा. या प्रत्येक पुनर्लावणीला प्रयोगशाळेत 'पॅसेज' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी 'उतारा' हा सुंदर शब्द आहे. पोथी उतरवून घेतात, सातबाराचा उतारा काढतात, तसाच हा पेशींचा उतारा. असे कित्येक उतारे होऊनही वाढ थांबली नाही, तर वंश स्थापन झाला असे मानतात.

त्यानंतरचे काम ओळख पटवण्याचे. गुणसूत्रे किती आणि कशी आहेत, मूत्राशयाच्या अस्तराची खूण सांगणारी प्रथिने पेशींत दिसतात का, संख्या दुप्पट व्हायला किती तास लागतात, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात त्यांची गाठ धरते का, मायकोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जंतू बशीत शिरले आहेत का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या पेशींचा डीएनए-ठसा मूळ रुग्णाच्या ठशाशी जुळतो का. हस्तलिखित हाती आले की आपण कागद, शाई, लिपी, लेखनकाल, लेखकु आणि पुष्पिका तपासतो, त्याच जातीचे हे काम आहे.

या तुलनेला एक ठोस आधार आहे. 'टी २४' हा मूत्राशयाच्या कर्करोगाचा जगातला अतिशय प्रसिद्ध पेशीवंश. १९७० साली स्वीडनमधल्या ऐंशी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या गाठीतून तो निघाला. १९८२ साली अमेरिकेतील संशोधकांनी याच वंशातल्या एचरास या जनुकाचे वाचन केले. बाराव्या स्थानी जी-जी-सी अशी तीन अक्षरे असायला हवी होती, तिथे जी-टी-सी होती. एका अक्षराच्या फरकाने ग्लायसीनच्या जागी व्हॅलीन आले आणि 'आता थांब' हा निरोप प्रथिनापर्यंत पोहोचेनासा झाला. मानवी कर्करोगाच्या जनुकात नेमका कोणता बदल घडतो, हे प्रथमच अक्षराच्या पातळीवर दिसले. लेखनिकाच्या हातून एक अक्षर चुकले की ओवीचा अर्थ फिरतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. इथे त्या एका अक्षराची किंमत कोणी प्राणांनी मोजलेली असू शकते.

टी २४ ची दुसरी कथा पाठचिकित्सेला आणखी जवळची आहे. १९९० साली 'ईसीव्ही ३०४' या नावाचा एक पेशीवंश जाहीर झाला. जपानमधील एका नवजात अर्भकाच्या नाळेतील रक्तवाहिनीच्या अस्तरातून तो आपोआप उद्भवला, असे सांगितले गेले. रक्तवाहिन्यांच्या अभ्यासासाठी जगभर त्याचा वापर झाला, निबंधांमागून निबंध निघाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डीएनए-ठसे ताडून पाहिले तेव्हा कळले, की हे दुसरेतिसरे कोणी नसून टी २४ च आहे. नाळेच्या नावाने वर्षानुवर्षे अभ्यासली गेली ती त्या स्वीडिश वृद्धेच्या मूत्राशयाची गाठ. 'ईजे' या वेगळ्या नावाने वावरणारा वंशही टी २४ च निघाला. अशा चुकीच्या ओळखीच्या वंशांची आंतरराष्ट्रीय यादी आज पाचशेच्या पुढे गेली आहे.

क्षेपक, पाठभेद, कर्तृत्वाचा घोटाळा हे सारे आपल्या परिचयाचे आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अशुद्ध पाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून संहिता शुद्ध केली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम केले. जीवशास्त्राला आपल्या पोथ्यांची अशी तपासणी सक्तीची करायला एकविसावे शतक उजाडावे लागले. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने डोकी वाजवून कोणते मडके कच्चे ते ओळखल्याची कथा आपण सांगतो. नुसत्या नावावर विसंबू नये, वाजवून पाहावे, हेच तिचेही सांगणे.

इथवर गोष्ट पेशींच्या ओळखीची झाली. आता माणसांच्या ओळखीकडे वळू.

१९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही तीस वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दाखल झाली. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. नाव-आडनावाची पहिली अक्षरे जोडून त्यावर 'हेला' अशी चिठ्ठी लावली गेली. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी ती वारली. पेशी मात्र वाढतच राहिल्या. मानवी पेशींचा अखंड वाढणारा तो पहिला वंश. त्यावर पोलिओच्या लसीची चाचणी झाली, पुढे असंख्य शोध लागले, आणि दीर्घकाळ त्या पेशी 'हेलन लेन' अशा खोट्या नावाने ओळखल्या गेल्या. तिच्या मुलांना हे कळले ते १९७०च्या दशकात. रिबेका स्क्लूट यांचे पुस्तक २०१० साली आले आणि २०२३ मध्ये लॅक्स कुटुंबाने एका मोठ्या कंपनीशी तडजोड केली. या दोन तारखांमागे साठ-सत्तर वर्षांचे मौन आहे, हे विसरता येत नाही.

या गाय यांच्याच प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकायला पुण्याच्या एक मराठी विदुषी गेल्या होत्या. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे. जन्म १९१७, माहेरचे आडनाव समर्थ, शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला होता. बालाघाटच्या डोंगरात सीताफळाचे रान पाहिलेल्या मराठवाड्यातील वाचकाला हा तपशील आवडावा. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, आणि अमेरिकेहून परतल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९७३ साली भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. या परंपरेतूनच पुढे मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी तोंडाच्या कर्करोगाचे चार नवे पेशीवंश स्थापन केले आणि १९९० साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतल्या दोघांची नावे 'एडब्ल्यू १३५१६' आणि 'एडब्ल्यू ८५०७'. आपल्याकडच्या रुग्णांच्या गाठींतून निघालेले हे वंश आजही प्रयोगशाळांत वापरले जातात. ते रुग्ण कोण होते, कोणत्या गावचे, तंबाखू कधीपासून खात होते, कोणती बोली बोलत होते, यांतले काहीही त्या अक्षर-अंकांतून कळत नाही.

आता धाराशिव. १९८७ साली बार्शीला ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. देशातील ही पहिली लोकसंख्याधिष्ठित ग्रामीण नोंदणी. तिच्या कक्षेत सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे दोन तालुके होते. शहरात रुग्णालयाच्या कागदांवरून नोंदणी करता येते. परंडा-भूमच्या खेड्यांत कागदच नव्हते, कारण अनेकांचा आजार निदानापर्यंत पोहोचतच नसे. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, बैठका घेतल्या, लक्षणे समजावली, संशयितांना तपासणीला आणले. इथल्या बायकांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा होता. हेन्रिएटा लॅक्सचा होता तोच.

ऑक्टोबर १९९९ मध्ये याच जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्था यांचा हा संयुक्त उपक्रम. रंगास्वामी शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. ५२ ग्रामसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, चार गट. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शक तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी. चौथ्या गटात तपासणी नाही, तो तुलनेसाठी. निष्कर्ष असा, की एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने दगावल्या, तर तुलनेच्या गटात ३१,४८८ पैकी ६४. पुढच्या टप्प्यात गेलेला आजार पहिल्या गटात ३९ जणींत, तुलनेच्या गटात ८२ जणींत. आयुष्यात एकदा केलेली एक चाचणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे या जिल्ह्यातल्या स्त्रियांमुळे जगाला कळले. पुढे अनेक देशांची तपासणी-धोरणे ठरवताना या निबंधाचा आधार घेतला गेला.

या चाचणीचा आणि हेला पेशींचा संबंध केवळ रोगाच्या नावापुरता नाही. हाराल्ड झुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार १९८४ साली वेगळा केला आणि तो हेला पेशींच्या डीएनएमध्येच रुतून बसलेला आढळला. हा कर्करोग विषाणूमुळे होतो, हे सिद्ध करण्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. उस्मानाबादच्या गावांत वापरलेली चाचणी ज्या तेरा घातक प्रकारांचा शोध घेत होती, त्यांत हा अठरावा होता. बाल्टिमोरच्या एका स्त्रीच्या न विचारता घेतलेल्या पेशींनी जे सांगितले, ते इथल्या हजारो स्त्रियांच्या नमुन्यांत शोधले जात होते.

आता वादाकडे. तुलनेच्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांना तपासणी का दिली नाही? तपासणीने जीव वाचतो हे पाश्चात्त्य देशांत तोपर्यंत मान्य झालेले होते. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगल अशा तीन चाचण्यांत, तपासणी न मिळालेल्या गटांत मिळून किमान २५४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या, असे २०१४ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मधील लेखाने मांडले आणि मोठा वाद झाला. संशोधकांच्या बाजूचे म्हणणेही हलके नाही. त्या भागात तपासणीची सोयच नव्हती. म्हणजे चाचणीने कोणाचे काही हिरावून घेतले नाही. आणि तुलनेवाचून कोणती पद्धत खेड्यात खरोखर जीव वाचवते हे सिद्ध झाले नसते. माझे मत असे, की यांतला दुसरा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे, पहिला नाही. एखाद्या तालुक्याची जुनी वंचना हा त्या तालुक्यातल्या स्त्रीला पुढेही वंचित ठेवण्याचा आधार होऊ शकत नाही. परंतु या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट समान आहे. ३४, ६४, २५४ हे आकडे सगळे उच्चारतात. त्या स्त्रियांपैकी कोणाचे स्वतःचे एक वाक्यही त्यात ऐकू येत नाही.

ही अनामता आपल्याला नवी नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या कितीतरी संग्रहांत ओवी असते, गाणारी नसते. 'लोकसाहित्य' या शब्दातल्या 'लोक'मध्ये ती विरघळून जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन केले, एक लाखाहून अधिक ओव्यांचे, त्यांत गाणारीचे नाव आणि गाव नोंदवले. त्या एका शिस्तीने ओवीचे वाचनच बदलले. 'स्त्री' काय म्हणते याऐवजी ही बाई, या गावची, या वयाची, काय म्हणते हे विचारता येऊ लागले. पेशींच्या आणि चाचण्यांच्या क्षेत्रात ही शिस्त कशी आणायची, हा माझा प्रश्न आहे.

यावर लगेच आक्षेप येईल, की नाव लपवणे हे रुग्णाच्या रक्षणासाठीच असते. आक्षेप खरा आहे. २०१३ साली हेला पेशींचा संपूर्ण जनुकसंच कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध झाला आणि लॅक्स यांच्या नातवंडांची आनुवंशिक माहितीच उघड्यावर आली. तेव्हा नाव जगजाहीर करा, असे कोणी म्हणू नये. पण गोपनीयता राखण्यासाठी आधी त्या व्यक्तीला तिचे गुपित ठाऊक असावे लागते. आपल्या गाठीचा वंश चालू आहे हे जिला सांगितलेच नाही, तिची गोपनीयता आपण राखली असे म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. बाहेर नाव नको, परंतु तिच्यापर्यंत जाणारी वाट संस्थेच्या दप्तरात शाबूत असावी. तिच्या पेशींचे पुढे काय झाले हे विचारण्याचा हक्क तिला आणि तिने ठरवले तर तिच्या वारसांना असावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांसाठी समजेल अशा भाषेत संमती घेण्याचा आग्रह आहे. खरा प्रश्न त्या 'समजेल अशा भाषे'चा आहे, आणि तिथे आपले, म्हणजे मराठीच्या शिक्षकांचे, काम सुरू होते.

संमतिपत्र हा आज महाराष्ट्रात सर्वाधिक सह्या होणाऱ्या आणि सर्वांत कमी वाचल्या जाणाऱ्या मराठी गद्यप्रकारांपैकी एक असावा. 'सदर संशोधनाबाबत मला संपूर्ण माहिती देण्यात आलेली असून माझा जैविक नमुना वापरण्यास माझी हरकत नाही', या धाटणीचे वाक्य पाहा. 'देण्यात आली' या प्रयोगात माहिती देणारा नाहीसा झाला आहे. 'हरकत नाही' हे होकारापेक्षा नाइलाजाच्या जवळचे आहे. 'नमुना' हा शब्द बोलीत आपण थट्टेने माणसालाच लावतो. 'यादृच्छिक' म्हणजे काय, हे भूमच्या शेतमजूर बाईला कळणार नाही. 'चिठ्ठ्या टाकून गावे वाटली, तुमच्या गावाला तपासणीची चिठ्ठी निघाली नाही', हे तत्काळ कळेल, आणि कळताच ती विचारील, 'मग आमी काय करायचं?' हा प्रश्न टाळण्यासाठीच दुर्बोध शब्द वापरतात, असा आरोप मी करणार नाही. दुर्बोध शब्दांमुळे तो टळतो, एवढे नक्की.

पेशीवंशाच्या संमतीत निदान इतके साध्या मराठीत लिहिलेले असावे: तुमच्या गाठीतल्या पेशी तुम्ही गेल्यावरही वाढत राहतील. त्या दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशी पाठवल्या जातील. त्यांच्या आधारे औषध निघाले तर ते विकले जाईल. त्यात तुमचा वाटा आहे की नाही, ते इथे स्पष्ट लिहिले आहे. एकदा वाटल्या गेल्या की त्या परत गोळा करता येणार नाहीत. नको असेल तर आत्ताच नाही म्हणा. तुमच्या उपचारात फरक पडणार नाही. ही सहा-सात वाक्ये लिहिणे वाटते तितके सोपे नाही. त्यासाठी बोलीची जाण लागते, कर्तरी वाक्याचे धैर्य लागते. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत 'व्यावहारिक मराठी'च्या नावाखाली अर्ज आणि इतिवृत्त शिकवले जाते. संमतिपत्र तिथे का नाही?

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. १९९९ साली चाचणीत आलेली सर्वांत तरुण स्त्री आज पंचावन्नच्या पुढे आहे. सर्वांत वयस्कर स्त्रिया ऐंशी ओलांडून गेल्या, अनेक निवर्तल्या असणार. चारही गटांतल्या स्त्रिया अजून या गावांत आहेत. कोण आले होते, काय सांगितले, काय समजले, नवऱ्याला विचारले का, निरोप आला की नाही, गावातली कोण गेली, हे सारे त्यांच्या स्मरणात आहे आणि कोणत्याही निबंधात नाही. धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर आहे, तालुक्या-तालुक्याला महाविद्यालये आहेत. मराठीच्या विद्यार्थ्यांनी या आठवणी त्यांच्या परवानगीने, त्यांच्याच बोलीत, त्यांना हवे तर नावानिशी, नको तर नावाशिवाय लिहून घ्याव्यात. निर्णय त्यांचा असावा.

टी २४ चा ठसा ताडून ईसीव्ही ३०४ चे खोटे नाव उतरवता आले, कारण कुठेतरी मूळ प्रत जपलेली होती. या स्त्रियांच्या म्हणण्याची मूळ प्रत फक्त त्यांच्यापाशी आहे, आणि तिचा उतारा अजून कोणी काढलेला नाही.